तिघांचा कोट

मी शिवण शिकले ती उसवून. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही, काही नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आमचे हे ऑफिसला गेले की मी त्यांची एखादी जुनी पँट घेऊन बसायचे. ब्लेडने एकेक टाका सोडवायचा, तुकडे फरशीवर मांडायचे आणि बघत राहायचं, की ह्या सपाट तुकड्यांतून माणसाचा आकार निघतो तरी कसा. मग तेच तुकडे परत जोडायचे. पहिली पँट मी अशी जोडली की ह्यांना तिच्यात उभं राहता यायचं, बसता यायचं नाही. दिवसभर ऑफिसात उभे राहिले बिचारे. साहेबांना वाटलं, माणूस फार कामसू आहे.

हे रिटायर झाल्यावर आम्ही नोएडात छोटा फ्लॅट घेतला आणि सेक्टरच्या मार्केटमध्ये जिन्याखालची एक जागा मी दुकानासाठी धरली. उंच गिऱ्हाईक आलं की आधी ‘सर संभालके’ म्हणायचं आणि मग नमस्ते. मशीन, टेबल, एक उभा आरसा, कोपऱ्यात पडदा टांगून केलेली ट्रायल रूम आणि दारात स्टुलावर पेपर वाचत बसलेले हे. बाहेर पाटी आहे, ‘ऑल्टरेशन’. मी नवं काही शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं ज्याला बसत नाही त्याला ते बसतं करून देते.

आजूबाजूला सगळे पीजी नाहीतर भाड्याचे फ्लॅट. त्यांत नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं भरलेली. कुणी नोकरीला लागलेलं, बरीचशी लागायची बाकी. मराठी बोलणारी काकू आहे असं कळल्यावर आपली मुलं शर्टाचं साधं बटण तुटलं तरी मेट्रोने येतात. बटण पाच मिनिटांत लागतं, मुलं तासभर बसतात. म्हणून तर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी मला म्हणाली, “काकू, ह्या मुलांचं पहिलं वर्ष तुम्ही जवळून बघता, त्यावर लिहा. थोडं मजेशीर लिहा, प्लीज.” जमेल तेवढं मजेशीर लिहिते. बाकीचं तिने कापावं. माझ्या हातून कापणं होत नाही, ते पुढे कळेलच.

लोकांना वाटतं, ऑल्टरेशन म्हणजे सारखी कात्री चालवायची. अहो, ह्या कामात कात्री सगळ्यात कमी लागते. जुना चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवून द्यायचा. त्या कापडाला आम्ही माया म्हणतो. माणूस जाड झाला की माया सोडायची, वाळला की आणखी आत घ्यायची. रेडीमेडवाल्यांनी ती पार खाऊन टाकली, आत बोटभर कापड सापडलं तरी नशीब. म्हणून कुठलाही कपडा आला की मी तो आधी उलटा करते. सुलट बाजूने सगळे कपडे सारखेच दिसतात.

आणि ह्या मुलांचं पहिलं वर्ष मला त्यांच्या कपड्यांतूनच कळत जातं. जुलैमध्ये येतात ते नव्या पँटची उंची कमी करायला. कडक इस्त्री, खिशाला अजून दुकानाचं लेबल. दिवाळी उलटली की तीच पँट कंबरेत सैल झाली म्हणून येते. ज्यांना नोकरी लागते ते रात्रीबेरात्री मागवून खातात आणि फुगतात, ज्यांना लागत नाही ते दुपारचं जेवण उशिरा करता करता रात्रीचं विसरतात. टेप कंबरेला लावली की मला कळतं. विचारत नाही मी. एखादा पहिल्या पगारात आईसाठी साडी घेऊन येतो, फॉल-पिकोला. त्या दिवशी मी मशीन बंद ठेवते आणि फॉल हाताने लावते. असे दिवस थोडे.

तन्वीचं सांगते. पुण्याची मुलगी, कॉलेजातूनच निवड होऊन आलेली. कंपनीने पहिल्याच दिवशी जॅकेट दिलं, छातीवर कंपनीचं नाव भरतकामाने काढलेलं. पोरीने ते इतकं घातलं! बाहेर ऊन भाजतंय आणि ही जॅकेटमध्ये.

मी म्हटलं, “तन्वी, ताप आलाय का?”

“ऑफिसात एसी केवढा असतो, काकू!”

“इथे कुठे आहे एसी?”

हसली नुसती. मग बरेच दिवस दिसली नाही. आली तेव्हा जॅकेट घडी करून पिशवीत होतं. म्हणाली, “काकू, हे नाव काढून द्याल? जॅकेट चांगलं आहे, थंडीत होईल.” सकाळच्या एका मीटिंगमध्ये तिच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं होतं. ऑफिसचं कार्ड दारातच ठेवून घेतलं म्हणाली, आतली पाण्याची बाटलीसुद्धा आणू दिली नाही.

मशीनचं भरतकाम उसवणं फार किचकट असतं. मागच्या बाजूने एकेक दोरा कापायचा आणि पुढून चिमट्याने ओढायचा. सगळं निघालं, पण सुईची भोकं राहिली. आणि उन्हाने बाकीचं कापड विटलेलं, नावाखालचं मात्र नवंकोरं. अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

“निघालं नाही का, काकू?”

“दोरा निघाला. खूण जाईल हळूहळू, धुऊन धुऊन.”

मग मी त्याच जागी एक खिसा लावून दिला. तिने आत बोटं घालून बघितलं. “ह्यात काय ठेवू?”

“रुमाल ठेव,” म्हटलं. तो रुमाल तिला तिथेच, माझ्या दुकानात लागला.

आता कोटाचं सांगते. खरं म्हणजे मला तेवढंच सांगायचं होतं.

कोट ओंकारचा. ओंकार नांदेडचा, अंगाने भरपूर, आणि मामेबहिणीच्या लग्नासाठी शिवलेला हा त्याचा गडद निळा लोकरी कोट. त्याच्याबरोबर फ्लॅटमध्ये दोघं. एक सोलापूरचा समीर शेख, उंच आणि काडीसारखा. दुसरा अचलपूरचा निखिल, बुटका, अरुंद खांद्यांचा, बोलायला सगळ्यात कमी. तिघंही पुण्याच्या एकाच इंजिनियरिंग कॉलेजातले. शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या फिरकल्याच नाहीत म्हणे. कुणा सिनियरने सांगितलं, इकडे या, गुडगाव-नोएडात नोकऱ्या आहेत. आले. भर जुलैत तिघं त्या कोटासकट माझ्या जिन्याखाली उभे राहिले. समीरचं डोकं आपटलंच.

“काकू, हा कोट ह्याला बसवायचा,” ओंकार समीरकडे बोट दाखवून म्हणाला.

“बसवते. गुरुवारी घेऊन जा.”

“गुरुवारी नाही, उद्या. आणि परवा तो परत मला बसला पाहिजे. सोमवारी ह्या निखिलला.”

मी चष्मा वर केला. “ही काय साडी आहे का रे, तिघींनी आळीपाळीने नेसायला?”

हे पेपराआडून म्हणाले, “साडी असती तर बरं झालं असतं. तिला माप लागत नाही.”

भानगड अशी, की मुलाखतीत कोट घातला की फरक पडतो असं त्यांना कुणीतरी पटवून दिलेलं. कोट तिघांत एक. मी तो उलटा केला आणि खरं सांगते, नांदेडच्या त्या न बघितलेल्या शिंप्याला मनातल्या मनात हात जोडले. ओंकार पुढे अजून सुटणार हे ओळखून त्याने पाठीच्या शिवणीत आणि दोन्ही काखांखाली भरपूर माया ठेवली होती. बाहीतसुद्धा.

मग आमचं सुरू झालं. ज्याची मुलाखत तो आदल्या दिवशी यायचा. मी पाठीच्या शिवणीवर कच्चा टाका घालायचे. कच्चा टाका म्हणजे लांब लांब टाके, गाठ न मारलेले, एका झटक्यात दोरा ओढून काढता येतात. समीरसाठी बाह्या सोडायच्या, निखिलसाठी दुमडायच्या. फक्त खांद्याला इलाज नसतो. खांदा ज्याचा त्याचा. निखिलच्या खांद्यावरून कोट खाली ओघळायचा, तिथे मी कापसाची गादी आत बसवायचे आणि पाठीला टाचण्या मारायचे. मुलाखती सगळ्या मोबाइलवर नाहीतर लॅपटॉपवर. समोरून बघावं तर मोठा रुबाबदार साहेब, पाठीमागे टाचण्यांचं शेत, आणि खाली अर्धी चड्डी. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. नोएडाच्या उकाड्यात लोकरी कोट घालून पोरं उत्तरं द्यायची. कोट परत यायचा तेव्हा अस्तर ओलं असायचं. मी ते दोरीवर वाळत टाकायचे.

कोट इस्त्रीला पाठवला की आमचा प्रेसवाला म्हणायचा, “आंटीजी, ये कोट तो डीटीसी की बस हो गया. जो आए, चढ़ जाए.”

मुलाखत झाली की तिघं मिळून यायचे. मी विचारायचे, “काय झालं?” आणि समीर कपाळाला हात लावून म्हणायचा, “पानिपत, काकू!” तो विनोदी होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंची नक्कल करायचा, मान तिरकी करून, गोड हसून: “थँक्यू समीर, वुई विल गेट बॅक टू यू.” म्हणजे काय, तर आम्ही तुम्हाला कळवू. आणि कळवत कुणी नाही. नाही म्हणायलासुद्धा फोन करत नाहीत हो! आमच्या वेळी निदान कार्ड यायचं, खेद वाटतो म्हणून. ह्या मुलांसाठी कुणाला खेद वाटायलाही वेळ नाही.

निखिल ह्या हसण्यात नसायचा. एकदा एकटाच आला होता तेव्हा बोलला. त्याच्या वडिलांचं अचलपूरला कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी सांगितलं होतं, “संक्रांतीपर्यंत बघ. नाहीच जमलं तर दुकानात ये.”

“मग? दुकान चालत नाही का?” मी विचारलं.

“चालतं की. दुकान वाईट नाही, काकू. मला कामही येतं ते, लहानपणापासून बघतोय.” कोटाच्या बाहीत हात घालून उभा होता, मी बाही दुमडत होते. “पण बाबा ना, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, मुलगा इंजिनियर आहे, दिल्लीला असतो. कुकरची शिटी बदलता बदलता सांगतात. अख्ख्या गावाला माहीत आहे. उद्या मीच जाऊन त्या काउंटरमागे बसलो, तर बाबा लोकांना काय सांगतील?”

मी बाहीला टाचणी लावली. म्हटलं, “हात सरळ ठेव, माप चुकतंय.”

सप्टेंबरात ओंकार लागला. गुडगावला, फोनवर बोलायचं काम. परदेशातल्या माणसांचं वायफाय बंद पडलं की ते ह्याला शिव्या घालतात आणि हा सॉरी म्हणतो. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून सॉरी म्हणायला लागला, असं तोच म्हणाला. कोटाचं विचारलं तर म्हणे, “तुमच्याकडेच राहू दे, काकू. ह्या दोघांना होईल. आम्हाला काय, टी-शर्ट दिलाय, तोही एक्सएल.” जाताना कोटाच्या कॉलरवरून हात फिरवून गेला.

राहिले समीर आणि निखिल. मग तो दिवस आला.

दिवाळी होऊन गेली होती. बाहेर ते आमचं दरवर्षीचं धुरकट आकाश, समोरची बिल्डिंग दिसेना. दोघांच्या मुलाखती एकाच दिवशी, वेगवेगळ्या कंपन्यांत. समीरची आधी, निखिलची तासाभराने. समीरची पहिलीच फेरी होती. पहिल्या फेरीत विचारून विचारून काय विचारतात, अर्ध्या तासात ‘गेट बॅक टू यू’ होतं, हे त्यांना पाठ झालेलं. मधल्या वेळात मी दोरे ओढून कोट निखिलला बसवायचा, असं ठरलं. त्यांच्या फ्लॅटच्या वर तोडफोड चालली होती, म्हणून दोघं लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आले. ह्यांना स्टूल घेऊन बाहेर बसवलं, गिऱ्हाईक अडवायला. समीर ट्रायल रूमच्या पडद्याआड कोट घालून बसला. निखिल बाहेर माझ्या मशीनच्या बाजूला, पांढरा शर्ट, टाय.

मी सुईत दोरा ओवून तयार.

अर्धा तास झाला, समीर बोलतोच आहे. आतून हसण्याचा आवाज आला. पलीकडचा माणूस हसत होता! त्याची मुलाखत चांगली चालली होती, आणि आम्हा दोघांना त्याचा आनंद व्हायला हवा तेवढा होईना. तास भरत आला, निखिल घड्याळाकडे बघत होता. मी पडद्याच्या फटीतून डोकावले. समीरने मला बघितलं, डोळ्यांनी म्हणाला, काय करू? कॅमेऱ्यासमोरून उठता कसं येणार त्याला? कोट काढता कसा येणार? कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर हसू, असा तो बसला होता.

“राहू दे, काकू,” निखिल हळूच म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला, टाय सारखा केला आणि माझ्या मशीनमागे बसून, नुसत्या शर्टावर मुलाखत दिली. पाठीमागे रिकामे हँगर लटकलेले दिसत असणार. मी खाली वाकून बसले, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. त्याची लवकर संपली.

समीर बाहेर आला तो कोट हातात घेऊनच. “निख्या, यार, सॉरी. त्यांनी लगेच दुसरी फेरी घेतली, मला उठताच…”

“अरे कोटाचं काही नाही,” निखिल म्हणाला. “मला त्यांचा प्रश्नच आला नाही. कोट असता तरी आला नसता.”

समीरने माझ्याकडे बघितलं. मी हँगर सरळ करत राहिले. निखिलला प्रश्न खरंच आला नव्हता की मित्राचं मन राखायला तो तसं म्हणाला, हे मला आजही ठाऊक नाही.

समीरला नोकरी लागली, हैदराबादला. जाताना पेढे घेऊन आला. निखिललाही त्यानेच भरवला. निखिलने तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला होता.

आता कोट निखिल एकट्याचा. कोटाला आता दुसऱ्या कुणाकडे जायचं नव्हतं, त्यामुळे टाके उसवायचंही कारण नव्हतं. तरी दर वेळी कोट आणखी आत घ्यावा लागायचा. मी डब्यात पोळी-भाजी देऊ करायचे, तो म्हणायचा, “खाऊन आलोय, काकू.” टेप काही खोटं बोलत नाही.

डिसेंबरच्या शेवटी मात्र तो जवळजवळ पळत आला. गुडगावच्या एका कंपनीत दोन फेऱ्या पार पडल्या होत्या. शेवटची फेरी प्रत्यक्ष ऑफिसात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. संक्रांतीच्या आधी! मी ह्यांना समोरून समोसे आणायला पिटाळलं.

“काकू, ह्या वेळी कच्चे टाके नकोत,” तो म्हणाला. “ऑफिसात जायचंय. पाठही दिसणार. माझ्या मापाचा कापून टाका. आतलं सगळं जादा कापड काढून टाका, पाठीला टोचतं ते.”

“मशीनची पक्की शिवण घालते. माया कापत नाही.”

“का?”

“कापलेलं परत येत नाही, म्हणून. कोट ओंकारचा आहे.”

“ओंकार म्हणाला, तू ठेव. त्याला नकोय.” आरशाकडे पाठ केली. मग म्हणाला, “तुम्हाला वाटतं, मला नोकरी लागणार नाही. म्हणून कापत नाही तुम्ही. परत कुणाला तरी बसवावा लागेल म्हणून ठेवताय.”

“वेडा आहेस का रे?”

“मग कापा ना, काकू.”

अहो, मी जन्मात कुणाच्या कपड्याची माया कापलेली नाही. त्यात त्याच्यावर अविश्वास कसला, ती माझी कामाची रीतच आहे. पण त्या पोराला समजावू कशी? तो तसाच उभा राहिला, कोट घातलेला, हात बाजूला सरळ धरून, मी शिकवलं होतं तसा. मी पाठीला पक्की शिवण घातली, दोनदा. काखेत घातली. माया आत दाबून, वरून इस्त्री मारून इतकी सपाट केली की हात फिरवला तरी कळू नये. कापली नाही. त्याने कोट घडी केला आणि निघून गेला. समोसे तसेच राहिले.

मुलाखत छान झाली. फोन करून स्वतः सांगितलं त्याने, आवाजात राग नव्हता. पगाराचं बोलले, कुठे राहतोस विचारलं, जॉइनिंग कधी जमेल विचारलं. जॉइनिंगचं विचारलं म्हणजे झालंच ना! आम्ही दोघं म्हातारी माणसं रात्री जेवताना त्याचंच बोलत होतो.

मग काही कळेना. तो रोज मेल बघायचा. संक्रांत झाली, आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवातला तिळगूळ मी त्याच्यासाठी बाजूला काढला. अखेर त्यानेच फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, ती जागाच आता राहिली नाही, वरून भरती थांबवली आहे. त्याच्या कामात खोट नव्हती, त्याच्या उत्तरात नव्हती, कोटात नव्हती. खुर्चीच काढून घेतली. हे मला सांगताना तो म्हणाला, “म्हणजे मी पास झालोय, काकू. पण कशात, ते नाही सांगता येत.”

घरी ‘येतो, येतो’ म्हणत राहिला आणि जाईना. शेवटी त्याचे वडीलच आले.

आमच्याकडची जानेवारीतली थंडी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळत नाही. धुक्यात सूर्य चारचार दिवस उगवत नाही. आणि निखिलचे बाबा आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर एक पातळ स्वेटर घालून. अंगाने चांगले दणकट, ओंकारपेक्षा रुंद. निखिल त्यांना घेऊन दुकानात आला, बॅग खांद्याला. दुपारची गाडी होती.

“काकू, ह्यांच्याकडे काहीच गरम नाहीये. हा कोट बाबांना होईल का?”

“अरे, कशाला बाप्पा,” ते म्हणत होते. “एवढी काही थंडी नाही वाजून राहिली.” दात वाजत होते बिचाऱ्यांचे.

मी कोट उलटा केला. माझीच पक्की शिवण माझ्याच ब्लेडने उसवली, पाठीची, मग दोन्ही काखांची. दाबलेलं कापड इस्त्रीने सरळ केलं. नांदेडच्या शिंप्याने ठेवलेली होती तेवढी सगळी माया सोडली आणि कडेला धरून शिवत गेले. निखिल बघत होता. मशीनचा आवाज चालू होता, त्यामुळे बोलायची गरज नव्हती. त्याचे वडील तेवढ्यात माझी बंद पडलेली जुनी इस्त्री उलटीपालटी करून बघत होते, म्हणाले, “वायर आतून तुटली आहे बाई, वेळ असता तर करून दिली असती.”

कोट त्यांना बसला. थोडा ताठ, पण बसला. बटणही लागलं. आरशासमोर उभे राहून ते स्वतःकडे बघायला लागले, जरा संकोचून, दोन्ही हातांनी कोटाची कडा धरून.

“हाच घालून जायचा का रे तू मुलाखतीले?”

“हाच.”

“काय विचारतात तिथं?”

निखिल टेबलाला टेकून उभा होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसूसारखं काहीतरी आलं. “पहिल्यांदा म्हणतात, टेल मी अबाउट युअरसेल्फ. म्हणजे स्वतःबद्दल सांगा.”

“एवढंच?”

“सांगा ना, बाबा.”

ते गमतीत सावरून उभे राहिले. खांदे मागे घेतले. आरशातूनच त्याच्याकडे बघून म्हणाले, “माझं अचलपूरला दुकान आहे. कुकर, मिक्सर, सगळं दुरुस्त करतो.” थांबले. आणि मग इतक्या महिन्यांच्या सवयीने जीभ पुढे गेली. “मुलगा इंजिनियर आहे. दिल्लीला असतो.”

बाहेर ह्यांनी पेपरचं पान उलटायचं थांबवलं. मी बाहीची दुमड बघत खाली वाकले होते. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण वर बघवेना.

“थँक्यू, सर,” निखिल हळू आवाजात म्हणाला. “वुई विल गेट बॅक टू यू.”

“म्हणजे काय? झालं सिलेक्शन?”

“सगळ्यांना असंच म्हणतात, बाबा.”

त्यांनी मान हलवली. मग मुलाच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, “चाल मग. गाडी चुकते.”

मी तिळगुळाची पुडी निखिलच्या हातात दिली. तो वाकून पाया पडला. दोघं जिन्याखालून बाहेर पडले आणि मार्केटच्या गेटकडे चालायला लागले. मी दारात येऊन उभी राहिले. धुक्यात लांबून रंग कळेनासा झाला तरी बापाच्या पाठीवरची शिवण मला दिसत होती. सरळ आली होती.